मेघतपकिरी आणि सव्वा वाटीचा शिरा

“सत्य माणसाला आयुष्यात एकदाच दर्शन देतं. त्या क्षणी जो तयार नसतो, त्याला ते जन्मात पुन्हा भेटत नाही,” असं म्हणून अण्णा पोंक्षे खाली बसले, ते केळ्यांवर.

केळी वेताच्या करंडीत होती, करंडीवर माईंचं जुनं लुगडं टाकलेलं होतं, आणि बंगल्याच्या व्हरांड्यात दुसरं बसायला काही नव्हतं. अण्णांना उठवायला मी आणि कुंदा दोघे लागलो. उठल्यावर त्यांनी मागे वळून पाहिलं आणि एवढंच म्हणाले, “मी जे बोलत होतो त्याचा याच्याशी संबंध नाही.”

संबंध होता. पुढे जे काही झालं, माझं लग्न धरून, ते त्या केळ्यांमुळेच झालं. पण त्या घटकेला माईंना फक्त एवढंच दिसत होतं की उद्याच्या सत्यनारायणाच्या प्रसादाची केळी गेली, आणि जवळात जवळचा बाजार एका दिवसाच्या उतरणीवर होता.

आम्ही होतो दार्जिलिंगच्याही वर, नेपाळच्या हद्दीला चिकटलेल्या एका डोंगरधारेवर. तिथे ढग आभाळात नसतात, दारातून येतात. येतात, खोलीभर हिंडतात, पापड सादळवतात आणि खिडकीतून निघून जातात. झाडांना शेवाळाच्या दाढ्या, दगडांना शेवाळाच्या टोप्या, आणि तिसऱ्या दिवशी माझ्या बुटांनाही हिरवी लव आलेली. अशा जागी माणूस कशाला जातो? मी लग्नासाठी गेलो होतो.

कुंदा आणि मी सांगलीच्या एकाच बँकेत समोरासमोरच्या टेबलांवर बसत असू. दोन वर्षं समोरासमोर बसल्यावर माणसं एकतर भांडतात किंवा लग्न करतात. आमचं भांडूनही झालं होतं. माईंची हरकत नव्हती. माझ्या घरच्यांची नव्हती. अडून होतं ते एक फुलपाखरू.

अण्णा, म्हणजे कुंदाचे वडील, कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवून निवृत्त झाले होते. तरुणपणी ते याच डोंगरावर आले असताना त्यांना एक फुलपाखरू दिसलं, आणि जाळं टाकणार तेवढ्यात त्यांना शिंक आली. त्याचं नाव त्यांनीच ठेवलं होतं, मेघतपकिरी. नावावरून काही भव्य वाटतं. प्रत्यक्षात ते नाकात ओढायच्या तपकिरीच्या रंगाचं, पंखांच्या खालच्या अंगाला एक पुसट रुपेरी रेघ आणि कडेला पिवळ्या कड्यातला एक काळा टिपका, असं होतं. अण्णांनी आठवणीतून काढलेलं त्याचं भलं मोठं चित्र त्यांच्या बैठकीच्या खोलीत टांगलेलं असे. नव्या पाहुण्यांना ते करपलेल्या पुरीचं चित्र वाटायचं. मी पहिल्या भेटीत तसं बोलूनही दाखवलं होतं.

कुंदाच्या लग्नाचा विषय निघाला की अण्णा फुलपाखराचा विषय काढत. ते एकदा हाती लागू दे, मग मी मोकळा, तोवर माझं कशात लक्ष लागणार नाही, असं त्यांचं म्हणणं. माझ्या आधी आलेला इचलकरंजीचा एक मुलगा या अटीपायी थांबून थांबून शेवटी दुसरीकडे लग्न करून मोकळा झाला होता. त्याच्या मुलाच्या बारशाचे पेढेही पोंक्ष्यांकडे येऊन गेले. मी मात्र चिवट. दिवाळीच्या आधी अण्णा सहकुटुंब या डोंगरावर यायचे, तसा मागच्या वर्षापासून मीही येत होतो. सांगली सोडल्यावर इतक्या गाड्या बदलाव्या लागत की माईंनी बांधून दिलेल्या दशम्या बंगालात पोचेपर्यंत खणखणीत वाजायला लागत.

माझं काम आमिषाचं. ही तपकिरी जात फुलांकडे ढुंकून पाहत नाही. तिला नासकं लागतं. नासकी केळी, गूळ आणि रम एकत्र कालवून चार दिवस मुरवायची आणि झाडांच्या खोडांना सारवायची, अशी अण्णांची रीत. यात अडचण एकच होती. अण्णा आमच्या गावच्या व्यसनमुक्ती मंडळाचे अध्यक्ष होते. त्यामुळे खालच्या गावातून रमची बाटली मी आणायची, ती काकवीच्या बाटलीत ओतायची, आणि माईंनी विचारलं की सांगलीहून आणलेली काकवी आहे म्हणून सांगायचं. रंग तोच. उसाच्या पोटचीच दोन लेकरं, त्यामुळे मला यात फारसं खोटंही वाटत नसे.

इतकं करूनही फुलपाखरू दिसत नव्हतं. अण्णा रोज आम्हाला घेऊन रानात जात. कुंदा जाळं धरी, मी केळ्याचा डबा धरी, अण्णा मौन धरीत. संध्याकाळी आम्ही ओले होऊन परत येऊ. त्या वर्षी माझा धीर सुटत चालला होता, कारण माझी बदली यवतमाळला झाली होती. जानेवारीत हजर व्हायचं होतं. एकतर कुंदा माझ्याबरोबर यवतमाळला येणार होती, नाहीतर मी एकटा जाणार होतो. आणि तिच्यासमोरच्या टेबलावर नवा माणूस येऊन बसणार होता.

शेवटी माईंनीच सूत्रं हातात घेतली. फुलपाखरू दिसू दे म्हणून त्यांनी सत्यनारायण बोलला आणि जागच्या जागी उरकायचंही ठरवलं. पोथी, शाळिग्राम, रवा, तूप, सगळं सांगलीहून ट्रंकेतून आलं होतं. अण्णा देवाधर्मातले नव्हते. ते म्हणाले, पूजेचा आणि फुलपाखराचा काडीमात्र संबंध नाही. माई म्हणाल्या, “तुमच्या जाळ्याचा तरी कुठे आलाय?” यावर अण्णा सत्याविषयी बोलायला लागले आणि केळ्यांवर बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी माईंनी मला नैवेद्यासाठी एखादं रुंद पान शोधून आणायला धाडलं. केळीचं पान त्या उंचीवर मिळणं शक्य नव्हतं. बंगल्याचा चौकीदार पासांग मागच्या अंगणात कसलीशी भाजी लावतो हे मी पाहिलं होतं, म्हणून स्वयंपाकघराला वळसा घालून मागे गेलो.

तिथे अण्णा होते. भाजीची सालपटं, उष्टं-खरकटं टाकायचा जो उकिरडा, त्याच्या काठाला ते उपडी बादली ठेवून बसले होते. देवळाच्या पायरीवर बसावं तसे. समोर एक सडका भोपळा होता आणि भोपळ्यावर, खरकट्यावर, अण्णांच्या गुडघ्यावर, एक तर अण्णांच्या माकडटोपीच्या गोंड्यावर, तपकिरी फुलपाखरं बसली होती.

मी जवळ गेलो. पुसट रुपेरी रेघ. पिवळ्या कड्यातला टिपका. ते चित्र समोर ठेवून मी दर रविवारी पोहे खाल्ले होते, मला ती करपलेली पुरी झोपेतही ओळखता आली असती.

“अण्णा, ही तीच ना?”

“नाही.”

“चित्रात अशीच आहे.”

“चित्र मी काढलंय,” अण्णा म्हणाले. मग गुडघ्यावरच्या फुलपाखराकडे बघत हळूच म्हणाले, “हीच ती.”

“मग आपण रानात जाळं घेऊन कशाला हिंडतो?”

“रान चांगलं आहे.”

ती तिथे रोज येत होती. पासांगच्या बापाच्या वेळेपासून येत होती. अण्णांना हे मागच्याच्या मागच्या वर्षी, सकाळी तोंड धुवायला गेले असताना कळलं होतं. ज्या सत्यासाठी त्यांनी उभा जन्म काढला, ते उकिरड्यावर भोपळा खात बसलं होतं. आणि नेमक्या त्याच वर्षी इचलकरंजीचं स्थळ आलं होतं.

“तुमची बदली यवतमाळला झाली म्हणे,” अण्णा म्हणाले.

“हो.”

“तिथे फुलपाखरं असतात?”

“असतील.”

“तुम्ही पाहिलीत?”

“मी अजून यवतमाळच पाहिलं नाही.”

“न पाहिलेल्या गावाला मुलगी नेताय.” त्यांनी गुडघा जरा सरळ केला, फुलपाखरू उठू नये अशा बेताने. “खांबेटे, कुंदाच्या आईला थंडी सोसत नाही. ती येते ते कुंदासाठी. कुंदा येते ते माझ्यासाठी. ती गेली की मी इथे कुणाबरोबर येऊ? उकिरड्यावर एकटाच येऊन बसू?”

या ठिकाणी मी काहीतरी उदात्त बोलायला हवं होतं. मी म्हणालो, “माईंनी पान आणायला सांगितलंय. नैवेद्याला. इथे कुठे मिळेल?”

अण्णांनी हळदीसारख्या दिसणाऱ्या एका झाडाकडे बोट दाखवलं. मी पान तोडून वळलो तेव्हा मागून म्हणाले, “तुम्ही काही पाहिलं नाहीत.”

“काय पाहिलं नाही?” मी विचारलं. अण्णांनी माझ्याकडे पहिल्यांदाच बऱ्या नजरेने पाहिलं.

पान घेऊन स्वयंपाकघरात गेलो तर तिथे दुसरंच सत्य उभं होतं. माई चुलीवरून उतरवलेला शिरा ढवळत होत्या. त्यांनी मला मोठ्या आनंदाने सांगितलं की केळ्यांची सोय झाली, अण्णांच्या त्या डब्यात चांगली मुरलेली होती, जास्त पिकलेलं केळंच शिऱ्याला बरं. शिवाय दमटपणाने साखरेचा दगड झाला होता, म्हणून शिरा उतरवल्यावर वरून त्यांनी काकवी घातली होती. सगळी. कोपऱ्यात रिकामी बाटली उभी होती.

काकवी म्हणजे काय ते सांगावं तर व्यसनमुक्ती मंडळाचा अध्यक्ष बुडणार होता. न सांगावं तर बाकीचे. जाणकार सांगतात की शिजवताना दारूचा अंश उडून जातो. जाणकारांनी माईंचा शिरा खाल्लेला नाही.

पूजा व्हरांड्यात मांडली होती. आत लाकडी भिंती, आणि पासांगला उदबत्तीचीही धास्ती वाटे. त्या डोंगरावर भटजी कुठून येणार, म्हणून पोथी मी वाचली. मी खणखणीत वाचतो. यजमान अण्णा, नेसायला कद, वर लोकरी स्वेटर आणि डोक्याला माकडटोपी. ढग अंगणात येऊन थबकले होते, पोथी ऐकायला बसल्यासारखे. मी पाच अध्याय वाचले, आरती झाली, माईंनी पानावर शिऱ्याची मूद ठेवून नैवेद्य दाखवला आणि आमच्या हातांवर प्रसादाच्या वाट्या ठेवल्या.

आता सत्यनारायणाचा प्रसाद नाकारता येत नाही. त्या पोथीत प्रसाद न घेता धावत सुटलेल्या बाईच्या नवऱ्याची अख्खी नाव बुडते, आणि ते मी आत्ताच खणखणीत वाचून दाखवलं होतं. अण्णांनी पहिला घास घेतला. जबडा थांबला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी रिकाम्या बाटलीचा आकार हवेत काढून दाखवला. अण्णांनी डोळे मिटले, घास गिळला आणि अध्यक्षाला शोभेल अशा गांभीर्याने दुसरा घास घेतला.

“छान झालाय,” ते म्हणाले. माईंच्या शिऱ्याला छान म्हटल्याचं मी तेव्हा प्रथमच ऐकलं. कुंदाने पुन्हा मागून घेतला. माईंनीही घेतला.

इतक्यात ढग फाटला, व्हरांड्याच्या पायरीवर ऊन पडलं, आणि घराच्या मागल्या बाजूने एक तपकिरी फुलपाखरू डुलत डुलत आलं आणि सरळ नैवेद्याच्या मुदीवर बसलं.

कुणी हललं नाही. त्याने पंख मिटले. रेघ, टिपका, सगळं ओळीने.

“अण्णा,” कुंदा म्हणाली, “अण्णा, चित्र.”

माईंनी हात जोडले. अण्णांना काहीतरी करणं भाग होतं, म्हणून त्यांनी भिंतीला टेकवलेल्या जाळ्याकडे हात नेला. मनातून नेला नाही हे फक्त मला कळलं. पण माई कडाडल्या.

“खबरदार. जेवत्या पानावरून कुणाला उठवू नये. मग तो कुत्रा असो की कलेक्टर.”

अण्णांनी हात इतक्या तत्परतेने मागे घेतला की मला त्यांची दया आली. ठरलं असं, की पाहुण्याचं जेवण होऊ द्यायचं आणि मग पुढचं. आम्ही पानाभोवती मांडी घालून बसलो. फुलपाखराने आपली बारीक सोंड शिऱ्यात रोवली आणि ते जेवू लागलं. ते सावकाश जेवणारं होतं.

वाट बघता बघता माणूस काय करणार, आम्हीही आणखी थोडा थोडा घेतला. माईंना उगाचच पुन्हा आरती म्हणावीशी वाटली, आणि ती त्यांनी अंगाईच्या चालीवर म्हटली. कुंदा पासांगच्या कोंबडीला बघून हसायला लागली. ते हसू काही थांबेना, आणि कोंबडी तर केव्हाच निघून गेली होती. अण्णांच्या अंगात यजमान संचारला. ते पानापुढे वाकून फुलपाखराला आग्रह करू लागले. अनमान करू नका, घर आपलंच आहे, पोटभर घ्या, सावकाश होऊ द्या.

गलका ऐकून पासांग मागून आला. त्याने पानावर नजर टाकली. “अरे साब, ये तो...”

“प्रसाद लो,” म्हणत अण्णांनी त्याच्या तळहातावर शिऱ्याचा गोळा ठेवला. पासांगने तो खाल्ला, थोडा विचार केला आणि आणखी मागितला. काय सांगायचं होतं ते तो पार विसरला.

मग माईंनी मुद्द्याला हात घातला. त्यांचं बोलणं नेहमीपेक्षा मोकळं झालं होतं. “झालं ना मनासारखं? तुमचं फुलपाखरू देवाने पानावर आणून बसवलं. आता या दोघांचं बोला.”

अण्णा सरळ बसले. त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते कुंदाला आणि माईंना शास्त्रज्ञाचं गांभीर्य वाटलं असेल. मला उपडी बादली दिसली.

“घाई करून चालणार नाही,” अण्णा म्हणाले. “या जाती एकमेकींसारख्या असतात. माझे डोळे आता थकले.” मग माझ्याकडे वळले. “खांबेटे, तुम्ही बघून सांगा. हीच का ती?”

मी गुडघ्यावर टेकून पानाशी वाकलो. हो म्हणायला एक अक्षर पुरेसं होतं. त्या एका अक्षराने माझं लग्न ठरत होतं. कुंदा माझ्याकडे अशी बघत होती, जणू मी शिक्का मारायचा तेवढा राहिला आहे. आणि पानापलीकडे अण्णा बसले होते, माकडटोपीचा गोंडा एका बाजूला कललेला, आपलं गुपित ज्याच्या हातात आहे त्या माणसाच्या तोंडाकडे बघत.

“नक्की सांगवत नाही, अण्णा,” मी म्हणालो. “रेघ जरा बारीक वाटते. पुढच्या वर्षी येऊन पुन्हा बघावं लागेल.”

“पुढच्या वर्षी?” कुंदा म्हणाली. ज्या आवाजात ती हे म्हणाली तो मी त्यानंतरही बऱ्याचदा ऐकलेला आहे, मुख्यतः दूध आणायला विसरल्यावर.

फुलपाखराचं पोट भरलं होतं. त्याने सोंड गुंडाळली, दोन पावलं टाकली आणि ते सावकाश एका कुशीवर कलंडलं. अण्णांनी करंगळी त्याच्याखाली सरकवली आणि त्याला उभं केलं. ते करंगळीवर चढलं. अण्णांनी हात उन्हात धरला. जाळं भिंतीशी होतं आणि कुणालाही त्याची आठवण झाली नाही. फुलपाखराने एकदा पंख उघडून मिटले, मग ते उडालं, थोडं तिरपं, व्हरांड्याच्या खांबाला घसटून, आणि अंगणातल्या ढगात शिरलं.

“रेघ बरोबर आहे,” अण्णा म्हणाले. “हीच ती.”

माईंनी सुस्कारा सोडला. अण्णा करंगळीकडे बघत होते.

“खांबेटे, यवतमाळला दिवाळीच्या आधी रजा मिळते?”

“घेतली तर मिळते.”

“दोघांची?”

“दोघांची. दर वर्षी.”

“मग घ्या.”

“घ्या म्हणजे काय?” माईंनी विचारलं. “रजा का मुलगी?”

“दोन्ही,” अण्णा म्हणाले.

कुंदा आत निघून गेली. जाताना दाराच्या चौकटीला तिचा खांदा लागला. ती लाजली असेल असं मी समजलो. तिचं म्हणणं अजूनही असं आहे की तो शिरा होता.

मी वाकून अण्णांना नमस्कार केला. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, घसा खाकरला आणि म्हणाले, “सत्य माणसाला आयुष्यात एकदाच...” इथे ते थांबले, मागे वळून खाली बघून घेतलं आणि उभेच राहिले.

मग मी माईंच्या पाया पडलो. त्यांचे गाल लाल झाले होते आणि डोळे पाण्याने भरले होते. “जावईबापू,” त्या म्हणाल्या. मला त्या नावाने कुणी प्रथमच हाक मारत होतं. त्यांनी मला हाताला धरून खांबाआड नेलं. म्हणाल्या, पहिल्यांदाच काही मागते आहे, नाही म्हणू नका.

“आज्ञा करा, माई.”

त्यांनी अण्णांकडे एकवार पाहून आवाज उतरवला.

“ती काकवी कुठल्या दुकानातली? आणखी एक बाटली आणून द्याल?”